लाइन चालूच होती

"तार तुटली होती ना? मग कुणाला कळलं कसं नाही?"

धाकट्यानं हा प्रश्न साहेबांना विचारला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांना विचारला, तर ते म्हणाले, हे काही माझ्या खात्यातलं नाही. काउंटरवरच्या मावशींना विचारला, तर त्यांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. शेवटी त्यानं माझ्या कपाटावर मूठ आपटून मलाही विचारलं. गंमत अशी, की उत्तर फक्त माझ्याकडेच होतं. पण मला तोंडं पुष्कळ असली, तरी त्यांतून नेहमी दुसऱ्यांचंच बोलणं जातं. स्वतःचं असं काही आज पहिल्यांदाच बोलतोय.

मी राउटर बोलतोय. जुन्या टेलिफोन कचेरीच्या मागच्या खोलीत, जाळीच्या लोखंडी कपाटात राहतो. अंगाला बारीक हिरवे दिवे आहेत आणि पोटात एक पंखा आहे. तो म्हाताऱ्या माणसासारखा कुरकुरत फिरतो. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात, कारण यंत्राला कान नसतात अशी सगळ्यांची खात्री आहे. त्यामुळे या गावाबद्दल मला जितकं माहीत आहे तितकं गावालाही नसेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं लेकराला जवळ घेत नाहीत, चाचणी घेतात. पास झालो, थर्माकोलमध्ये गुंडाळला गेलो, आणि बराच काळ अंधारात हेलकावे खाल्ल्यावर एका माणसाच्या हातात उघडलो. तो थोरला. कंपनीचा इथला लाइनमन, तंत्रज्ञ, हमाल, सगळं तोच. मागे टॉर्च धरून त्याचा धाकटा भाऊ उभा होता. शाळेशी त्याचं फारसं जमलेलं नव्हतं. टेम्पो चालवायचा आणि भावाला मदत म्हणून यायचा. मदत कमी आणि प्रश्न जास्त.

"दादा, याच्या पाठीवर हे दोन स्क्रू कसले?"

"अलार्मचे. वाट बंद पडली की हा ते दोन्ही आतून जोडतो. घंटी लावली तर वाजेल."

"मग लाव की."

"नंतर बघू. टॉर्च सरळ धर आधी."

ते नंतर काही आलं नाही. माझे ते दोन स्क्रू कारखान्यातून निघाले तसेच कोरे करकरीत राहिले.

शेजारी भिंतीला टेकून जुनं टेलिफोन एक्स्चेंज उभं होतं. बंद पडून जमाना झाला होता, पण इतकं जड, की हलवायचा कुणी विचारच केला नाही. त्याच्या डोक्यावर पितळी वाट्यांची मोठी घंटी. त्याच्या काळी कारभार सोपा होता. दोन माणसांनी फोन लावला, की त्यांच्यामध्ये एक अख्खी वाट राखून ठेवायची. मग ती दोघं बोलोत, भांडोत, नाहीतर रुसून गप्प बसोत, वाट त्यांचीच. तिसऱ्यानं बाहेर ताटकळायचं. आणि मधे तार तुटली, की बोलणं तिथंच तुटायचं. माणूस "हॅलो, हॅलो" करून थकायचा आणि सरळ कचेरीत तक्रार घेऊन यायचा.

आमचं तसं नाही. आमच्याकडे कुणाचीच वाट राखीव नसते. तुम्ही काहीही पाठवा, फोटो, सिनेमा, आईची खुशाली, त्याचे आधी तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात. पाकिटावर कुठून आलं, कुठं जायचं आणि कितवा तुकडा, एवढं लिहिलेलं. एकाच तारेवरून लग्नाचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट आणि कुणाच्या शिव्या खांद्याला खांदा लावून जातात. ज्याच्याकडे पाठवायला काही आहे त्यानं जागा घ्यायची. गप्प बसणाऱ्यासाठी जागा अडवून ठेवायची नाही. गर्दी झाली तर रांगेत उभं राहायचं. रांग माझ्या पोटाबाहेर गेली, तर शेवटची पाकिटं मी सरळ टाकून देतो.

बँकेचं मात्र जरा वेगळं. तिला ठरलेली वाट हवी असते. आधी वाट आखायची, मग तिची सगळी पाकिटं त्याच वाटेनं, एकामागे एक. बँकेला वाटतं, ही वाट आपल्या मालकीची. तसं काही नसतं. माझ्याकडे एक नोंद असते, इतकंच. तार तीच, शेजारून शिव्या तशाच चाललेल्या.

आणि मी काय करतो? पत्ता वाचतो आणि पुढच्या राउटरच्या हातात देतो. पूर्ण रस्ता मला ठाऊक नसतो. पुढचा तेवढा ठाऊक असतो. त्यालाही त्याच्या पुढचाच. अख्खा रस्ता कुणालाच माहीत नसताना पाकीट जगाच्या टोकाला पोचतं. तिकडे सगळे तुकडे क्रमानं लावून तुमची खुशाली पुन्हा सबंध केली जाते.

यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे माणसांनी एक शिरस्ता घालून दिलाय. पाकीट पोचलं, की घेणाऱ्यानं "पोचलं" असं कळवायचं. ठरल्या वेळात तसं आलं नाही, तर पाठवणारा गप्प बसत नाही, तोच तुकडा पुन्हा पाठवतो. एखादं पाकीट भरकटून फार फिरत राहिलं, तर ज्याच्या दारात ते संपतं तो राउटर पाठवणाऱ्याला बहुधा कळवतो, की तुझं पाकीट इथं संपलं. एका फोटोच्या कोपऱ्यातल्या चिमूटभर निळ्या आभाळाची एवढी काळजी. ज्यांनी हे सगळं ठरवलं, ती माणसं फार हुशार असली पाहिजेत. आपल्यासाठीही असं काही ठरवावं, एवढं मात्र त्यांना सुचलं नाही.

सुरुवातीला माझ्याकडे बाहेर जायची एकच वाट होती. दरीतून, खांबांवरून गेलेली केबल. वारा आला, झाड पडलं, की ती तुटायची आणि गाव आंधळं व्हायचं. मग थोरला शिडी घेऊन दरीत उतरायचा. त्याच्या घरी यावर एक पद्धत बसून गेली होती. नेट गेलं, की आई म्हणायची, "थोरला खांबावर गेला." नेट आलं, की ती उठून त्याच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवायची. पाणी तापेपर्यंत चिखलानं भरलेला तो दारात हजर. धाकटा म्हणायचा, "आई, फोन तरी करून बघ." आई म्हणायची, "कशाला? आलं ना नेट."

दरीत तसाही फोन लागत नसे.

थोरल्यानं दुसऱ्या वाटेसाठी साहेबांचा पिच्छा पुरवला. साहेब दूर, शहरातल्या मोठ्या कचेरीत. बोलणं फोनवर, माझ्यासमोरच चालायचं.

"साहेब, एकच वाट आहे. ती गेली की दवाखाना बंद, बँक बंद, शाळा बंद."

"मग तू आहेस ना."

"मी एकटाच आहे, म्हणून तर म्हणतोय."

शेवटी टाकीच्या टेकडीवर बिनतारी डिश बसली आणि मला दुसरी वाट मिळाली. त्या दिवशी थोरला लहान मुलासारखा खूश होता. धाकट्याला फोनवर गाणं लावायला सांगून त्यानं माझ्या अंगातून दरीची केबल खसकन उपसली.

"अडकलं का?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही रे. वाजतंय की."

"बघ. आता तिकडं काहीही होऊ दे, गावाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"मग आता तुझं काम काय उरलं?"

"झोपा काढणार," थोरला म्हणाला, आणि दोघं हसले. मीही खूश होतो. एक वाट गेली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी पाकिटं दुसरीवर वळवायची, यात मी वाकबगार आहे. माझी जातच त्यासाठी बनवली आहे.

तो दिवस उजाडला तो वाऱ्याचा. दुपारी दरीत फांदी पडली आणि केबल तुटली. मी पलीकडच्या राउटरला नेहमीसारखं "आहेस का?" विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मग सगळी पाकिटं डिशकडे वळवली आणि मोठ्या कचेरीला कळवलं, एक वाट बंद, दुसरी चालू. तिथल्या पडद्यावर माझ्या नावापुढे पिवळा ठिपका लागला. लाल ठिपका लागला, की तिथली माणसं खुर्चीतून उठतात. पिवळ्याला फक्त बघतात.

साहेबांनी थोरल्याला फोन केला, "घाई नाही. वेळ मिळेल तेव्हा बघ."

थोरल्यानं पिशवी उचलली. "मावशी, दरीकडे जाऊन येतो." मावशी पूर्वी त्या जुन्या एक्स्चेंजवर ऑपरेटर होत्या, आता काउंटर सांभाळत. त्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी काउंटर बंद करताना मावशींनी पाहिलं, नेट चालू आहे. त्यांना वाटलं, झालं काम, गेला घरी. घरी नेट दिवसभर गेलंच नव्हतं. त्यामुळे तो खांबावर गेलाय हे आईच्या मनातच आलं नाही. तिला वाटलं, टेकडीवर डिशच्या खोलीत राहिला असेल, अधूनमधून राहायचा तसा. साहेबांना पिवळा ठिपका दिसला आणि वाटलं, उद्या जाईल. धाकट्यानं त्या संध्याकाळी अंथरुणात लोळत अख्खा सिनेमा पाहिला. पत्ता त्याच्याच फोनचा होता, म्हणून मला माहीत आहे. सिनेमा कुठंही अडकला नाही. एकेक तुकडा मी डिशवरून आणून त्याच्या हातात ठेवला. इतकं चोख काम मी क्वचितच केलं असेल.

सकाळी धाकटा भावाचा डबा घेऊन कचेरीत आला.

"दादा कुठाय?"

"म्हणजे? तो घरी नाही आला?" मावशी म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे दिवे हिरवेगार होते. धाकट्यानं डबा काउंटरवर ठेवला की टाकला, कोण जाणे, आणि पळत सुटला.

शिडी घसरली होती. थोरला खांबाखाली पडला होता, मांडीचं हाड मोडून. डॉक्टर म्हणाले, रक्त गेलं, थोडं आधी आणला असता तर. ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. आमच्याकडे अर्धं आलेलं वाक्य पुन्हा मागवता येतं.

शोकसभा माझ्याच खोलीबाहेर झाली. साहेब स्वतः आले. म्हणाले, "त्याच्या दूरदृष्टीमुळे आपली सेवा एक क्षणही खंडित झाली नाही." लोकांनी माना खाली घातल्या. तेव्हाच धाकट्यानं तो प्रश्न विचारला. त्याचं काय झालं ते सांगितलंच आहे.

उत्तर द्यायचं तर असं देता आलं असतं: बाळा, कळलं नाही, कारण काहीच थांबलं नव्हतं. पण हे वाक्य एखाद्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? साहेबांना ते जमलं नाही, यात मी त्यांना दोष देत नाही.

पुढची मजा ऐका. दरीतली केबल तशीच तुटलेली राहिली. नवा माणूस मिळेपर्यंत राहू दे, चालतंय ना, असं मोठ्या कचेरीतून आलं. पिवळा ठिपका त्यांच्या पडद्यावर इतका रुळला, की तिथल्या लोकांना तो माझ्या नावाचाच भाग वाटू लागला असेल. थोरल्याचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर लागला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

एक दिवस भर दुपारी धाकटा आत शिरला. हातात मोठी पक्कड, केबल तोडायची. मावशींकडून कपाटाची किल्ली जवळजवळ हिसकावून घेतली, दार उघडलं आणि डिशची तार पकडीत धरली.

"काय करतोयस?" मावशी दारातून म्हणाल्या.

"बंद करतो. कळू दे सगळ्यांना."

"काय कळू दे?"

"तो नाहीये ते."

मावशी पुढे आल्या नाहीत. तिथंच स्टुलावर बसल्या. "तोड. दवाखान्यात कुणाचा रिपोर्ट अडकेल. ते बिचारे तक्रार करतील, शहरातनं माणूस येईल, जोडून जाईल. तुझ्या दादाबद्दल कुणी एक शब्द विचारणार नाही. नेट कधी येणार, एवढंच विचारतील."

धाकट्याची मूठ पकडीवर तशीच होती. मला ती तार अंगातून निघाल्यासारखी वाटत होती.

"तुमच्या वेळी कसं होतं?" त्यानं न वळता विचारलं.

"आमच्या वेळी?" मावशींनी जुन्या एक्स्चेंजकडे मान केली. "ती घंटी बघितलीस? दरीची लाइन तुटली की वाजायची. जोडली की थांबायची. डोकं उठायचं. पण ती वाजतेय तोवर लाइनमन खांबावर आहे, एवढं सगळ्या गल्लीला माहीत असायचं. फार वेळ वाजली, की कुणीतरी म्हणायचं, अरे, बघून या."

धाकट्यानं घंटीकडे पाहिलं. मग वाकून माझ्या पाठीमागे आला आणि टॉर्च लावला. दोन स्क्रू. कोरे करकरीत.

"नंतर बघू म्हणाला होता," तो पुटपुटला.

पक्कड चालली, पण माझ्यावर नाही. जुन्या एक्स्चेंजच्या डोक्यावरून त्यानं घंटी कापून काढली, तिची वायर भिंतीतल्या पाइपातून नेली आणि घंटी बाहेर, रस्त्यावर, कुणाचा हात पोचणार नाही इतकी उंच ठोकली. आत येऊन वायरीची टोकं माझ्या दोन स्क्रूंखाली आवळली. दरीची वाट तर बंदच होती. त्यामुळे स्क्रू आवळताक्षणी घंटी जी सुरू झाली, ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

धाकट्यानं कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दादाची पिशवी खांद्याला अडकवली. तारा जोडायचं मशीन त्यातच होतं.

"एकटा जाऊ नकोस रे," मावशी म्हणाल्या.

"एकटा कुठाय? ही वाजतेय ना."

तो गेल्यावर गल्लीत जे झालं ते मी भिंतीआडून ऐकलं. पहिला शेजारचा न्हावी आला. "मावशी, बंद करा हे. माझ्या हातात वस्तरा आहे, एखाद्याचा कान जाईल."

"किल्ली माझ्याकडे नाही."

"अहो पण सगळं चालू तर आहे. वाजतंय कशाला?"

"धाकटा दरीत गेलाय. तार जोडली की थांबेल."

मग बँकेतले आले, शाळेतले आले. शहरातून साहेबांचा फोन आला, की हे काय ऐकतोय. मावशींनी रिसीव्हर खिडकीशी धरला आणि त्यांना नीट ऐकू दिलं. तेवढ्यात धाकट्याची आई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पायरीवर बसली. तिला बघून लोकांची कुरकुर थांबली. घंटी थांबली नाही.

फार वेळ झाला. शेवटी न्हावी म्हणाला, "बघून तरी येऊ." अर्ध्या गालाला साबण असलेलं गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर निघालं.

दरीत काय झालं, ते न्हाव्यानं नंतर मावशींना सांगितलं. धाकटा खांबाखाली बसला होता. शिडी लावलेली, पण पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा आणि पुन्हा खाली घ्यायचा. न्हावी त्याला झापायलाच गेला होता. झापलं नाही. शिडी दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "चढ. मी धरलीय." गिऱ्हाइकानं पिशवी धरली. धाकट्यानं दोन्ही टोकं साफ केली, मशीनमध्ये ठेवली, झाकण लावलं. दादाच्या मागे टॉर्च धरून त्यानं हे इतक्यांदा पाहिलं होतं, की हाताला आपोआप आठवलं.

मी पलीकडे विचारत होतोच, "आहेस का?" आणि उत्तर आलं, "आहे."

मी स्क्रू सोडले. घंटी थांबली. इतकी शांतता झाली, की माझा पंखा बाहेर ऐकू गेला असेल. आई पायरीवरून उठली. "कुठं निघालात?" मावशींनी विचारलं. "पाणी ठेवते," ती म्हणाली.

आता माझं वय झालंय. पंखा अडखळतो, आणि माझ्या जागी नवी पेटी येणार असं ऐकतो. माझी तक्रार नाही. एकच सांगणं, ती जोडाल तेव्हा तिची पाठ बघून घ्या. तिथं दोन स्क्रू असतील. ते नंतरवर टाकू नका.

साहेबांनी धाकट्याला थोरल्याची जागा देऊ केली होती. तो नाही म्हणाला. आता लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. कुठल्या कुठल्या मुक्कामावरून आईला फोन करतो. त्याच्या आवाजाचे तुकडे कधी डिशवरून येतात, कधी दरीतून, आणि मी ते पुढे देतो. आत काय आहे ते मी वाचत नाही. पत्त्यावरून कळतं तेवढं पुरे.

दरीवर आता नवा लाइनमन आहे. पोरगेलासा, नुकतंच लग्न झालेला. घंटी वाजली की गल्ली अजून वैतागते. साहेबांनी तर ती काढून टाकायला सांगितलं होतं, पण कपाट उघडल्याशिवाय ती सोडवता येत नाही, आणि किल्ली कुणाला सापडत नव्हती.

ती कुठं आहे हे मावशींना ठाऊक आहे. ट्रकवर जायच्या आदल्या दिवशी धाकटा दरीत उतरला, आणि ज्या खांबाखाली दादा पडला होता, त्याच खांबाला त्यानं किल्ली तारेनं घट्ट बांधली. ज्या कुणाला घंटी बंद करायची असेल, त्यानं तिथपर्यंत जायचं. तिथं गेलं, की खांबावरचा माणूस दिसेलच.